संथ खेळ आणि फिरता माल

मोंढ्यात वाढलेल्या माणसाला ‘संथ’ हा शब्द सहसा मानवत नाही. सकाळी वेळेवर काटा सुरू झाला पाहिजे, लिलाव रेंगाळता कामा नयेत, शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी झाली पाहिजे आणि माल वखारीत पडून न राहता फिरता राहिला पाहिजे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. हिंगोलीच्या एका आडत पेढीवर पन्नास वर्षे गादी सांभाळलेल्या आजोबांचेही तसेच होते. म्हणून नातवाचे बास्केटबॉलचे सामने पाहण्यासाठी ते नांदेडला गेले, तेव्हा समोर काय चालले आहे हे पहिली दहा मिनिटे त्यांना उमगेना.

सप्टेंबरचे दिवस होते. मूग-उडदाची थोडीफार आवक सुरू होती, सोयाबीन अजून शेतात उभे होते, त्यामुळे दोन दिवस पेढी सोडणे शक्य झाले होते. नातू वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आणि महाविद्यालयाच्या संघाचा कर्णधार. हे वर्ष संपले की खेळ सुटणार आणि पेढीवर बसावे लागणार, हे घरात न बोलता ठरलेले होते. ‘एकदा तरी बघायला या, आजोबा,’ असे त्याने तीन वर्षे म्हटले होते. या वेळी आजोबांना नाही म्हणवले नाही.

पहिल्या दिवशीचा प्रतिस्पर्धी संघ उंच, चपळ आणि नावाजलेला. त्यांच्या हाती चेंडू आला की पाच-सात सेकंदांत तो दुसऱ्या टोकाला पोहोचत असे. नातवाच्या संघाचे नेमके उलट. त्याची मुले चालत चालत मध्यरेषा ओलांडत, चेंडू इकडून तिकडे, पुन्हा इकडे असा देत-घेत राहत आणि घड्याळात चार-पाच सेकंद उरले की मग कोणीतरी मोकळा सापडे व नेम धरी. कडेला बसलेले प्रेक्षक ‘टाक की रे आता!’ म्हणून ओरडत होते. आजोबांनाही मनातून तसेच वाटत होते. शेवटी नातवाचा संघ ४६ विरुद्ध ४४ गुणांनी जिंकला. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसेना.

रात्री नातेवाइकांच्या घरी जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढलाच. ‘जिंकलात, आनंद आहे. पण अरे, हा काय खेळ म्हणायचा? आमच्या वेळी हुतूतूत कोणी लागोपाठ रिकामी चढाई करून परत आला, तर सगळे गाव त्याला हसत असे.’

‘आजोबा, आता कबड्डीतही तो प्रश्न आला होता,’ नातू म्हणाला. ‘म्हणून तर तिसऱ्या चढाईचा नियम केला.’

हा नियम आजोबांनी दूरदर्शन संचावर पाहिला होता, पण त्यामागचे कारण कधी मनात आले नव्हते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्यात लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. आणता आला नाही तर चढाई करणारा बाद होतो. एक चढाई ३० सेकंदांची आणि सामना ४० मिनिटांचा. जो संघ दोन गुणांनी पुढे आहे त्याने वेळ काढत बसू नये, एवढ्यासाठी ही अट. आघाडी मिळाली की ती दाबून बसावे, ही इच्छा खेळ कोणताही असो, माणसाला होतेच. नियम करणाऱ्यांना त्या इच्छेवर कुंपण घालावे लागते.

बास्केटबॉलमध्ये हे कुंपण कसे आले, ही हकीकत कोणत्याही हिशेबी माणसाला आवडावी अशी आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स या संघांचा सामना झाला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळचा सर्वांत प्रभावी उंच खेळाडू होता. त्याच्याशी सरळ टक्कर देण्यात अर्थ नाही, हे ओळखून पिस्टन्सनी चेंडू नुसता हातात धरून ठेवला. सामना १९ विरुद्ध १८ असा संपला आणि पिस्टन्स जिंकले. दुर्बळाची युक्ती सफल झाली, पण पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना हा कसला खेळ असे वाटले. लोक कंटाळले तर तिकिटे कोण घेणार, हा प्रश्न संघमालकांपुढे उभा राहिला. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन हे बोलिंगचे केंद्र चालवणारे व्यावसायिक. त्यांनी मांडलेले गणित सरळ होते. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा नेम धरतात. २,८८० ला १२० ने भागले की २४ येतात. १९५४ पासून व्यावसायिक लीगमध्ये २४ सेकंदांचे घड्याळ लागू झाले.

महाविद्यालयीन बास्केटबॉलने मात्र आणखी तीस वर्षे असे घड्याळ स्वीकारले नाही. तेथे डीन स्मिथ या नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रशिक्षकाची ‘फोर कॉर्नर्स’ ही पद्धत गाजली. मैदानाच्या अर्ध्या भागाच्या चार कोपऱ्यांत चार खेळाडू उभे करायचे, मधल्या खेळाडूने चेंडू खेळवत ठेवायचा आणि घड्याळ पळू द्यायचे. १९८२ साली त्यांच्या विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने शेवटी सुमारे सात मिनिटे चेंडू असाच राखला आणि व्हर्जिनियाला ४७-४५ असे हरवले. पुढे जगप्रसिद्ध झालेला मायकेल जॉर्डन तेव्हा त्याच संघात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. असा खेळाडू हाताशी असतानाही चेंडू दाबून ठेवणे अनेकांना रुचले नाही.

तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, संथ खेळाचे सर्वांत देखणे उदाहरण घडले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हासमोर आदल्या वर्षीचा विजेता जॉर्जटाउन संघ होता. जॉर्जटाउनचे पारडे उघडच जड होते. व्हिलानोव्हाने संपूर्ण सामन्यात मैदानावरून फक्त २८ वेळा नेम धरला, परंतु त्यांतले २२ चेंडू बास्केटमध्ये गेले. सामना त्यांनी ६६-६४ असा जिंकला. पुढच्याच हंगामापासून महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळात ४५ सेकंदांचे घड्याळ आले. १९९३ मध्ये ते ३५ वर आणि २०१५ मध्ये ३० वर उतरले. भारतात आपली मुले आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला २४ सेकंदच येतात.

‘म्हणजे दुर्बळाने संथ खेळावे, असे म्हणायचे आहे तुला?’ आजोबांनी विचारले.

‘उद्याचा संघ आमच्यापेक्षा कच्चा आहे. उद्या बघा, किती सहज जिंकतो ते,’ नातू म्हणाला आणि झोपायला गेला. प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही. आजोबांच्या मात्र आले.

दुसऱ्या दिवशी समोरचा संघ खरोखरच कच्चा होता. धाप लागत होती, पास चुकत होते. नातवाच्या संघाने आदल्या दिवशी जो खेळ केला तोच पुन्हा केला. ज्या रीतीने विजय मिळाला ती रीत बदलायची कशाला? त्यांनी चालत चालत चेंडू नेला, घड्याळ संपत आले की नेम धरला. त्यामुळे दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांना प्रत्येक वेळी श्वास घ्यायला सवड मिळाली. मध्यंतराला आघाडी चारच गुणांची होती. उत्तरार्धात त्यांच्या एका मुलाचे दुरून मारलेले तीन चेंडू लागोपाठ बास्केटमध्ये पडले. एकेकाचे तीन, असे नऊ गुण. आता नातवाच्या संघाला घाई करणे भाग होते आणि घाईची सवय कोणालाच नव्हती. हातातून चेंडू निसटू लागले. सामना तीन गुणांनी गेला आणि त्याबरोबर नातवाचे खेळण्याचे शेवटचे वर्षही.

नांदेडहून पूर्णा, वसमत करत हिंगोलीला येणाऱ्या गाडीत नातू खिडकीशी गप्प बसून होता. आजोबांनी त्याचे सांत्वन केले नाही. वसमत गेल्यावर त्यांनी खिशातून डायरी काढली आणि म्हणाले, ‘एक हिशेब सांग. सामना चाळीस मिनिटांचा. म्हणजे सेकंद किती?’

‘दोन हजार चारशे.’

‘एका वेळी वीस सेकंद घेतले तर चेंडूचे ताबे किती होतात?’

‘दोघांचे मिळून १२०. एकेकाला ६०.’

‘आणि बारा सेकंद घेतले तर?’

‘दोनशे. एकेकाला शंभर.’

‘म्हणजे संथ खेळलास, तर तुझे चाळीस व्यवहार कमी होतात आणि समोरच्याचेही चाळीसच कमी होतात. मग त्यात तुझा फायदा तो कोणता?’

प्रश्न मोंढ्यातला होता, पण तो थेट खेळाच्या गाभ्याशी जात होता. दुकानदार दिवसाला किती गिऱ्हाइके करतो ही उलाढाल झाली आणि एका गिऱ्हाइकामागे त्याला काय सुटते हा टक्का झाला. नफा या दोहोंच्या गुणाकाराने ठरतो. बास्केटबॉलमध्ये मात्र एका संघाचा ताबा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणून दोघांची उलाढाल जवळपास सारखीच राहते. एका दुकानाने शटर अर्धे ओढले तर समोरच्याचेही अर्धे ओढले जावे, तसे हे आहे. म्हणून जय-पराजय ठरतो तो प्रत्येक ताब्यामागे सरासरी किती गुण पडले यावर. खेळाचा वेग आणि खेळाची परिणामकारकता या निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत खेळाचे हिशेब ठेवणारे जाणकार आता संघांची तुलना दर सामन्यामागे किती गुण मिळाले यावर न करता दर शंभर ताब्यांमागे किती मिळाले यावर करतात, ते याचसाठी. सामन्यात ६० गुण करणारा संघ ८० गुण करणाऱ्यापेक्षा दुबळा असेलच असे नाही. त्याला संधीच कमी मिळालेल्या असू शकतात.

तरीही वेगाचा एक परिणाम उरतोच आणि तो नशिबाशी निगडित आहे. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा सरस आहे, इतका की कोणताही एक छोटा डाव तो शंभरातून साठ वेळा जिंकेल. एकाच डावावर निकाल लावला, तर दुर्बळाला शंभरात चाळीस वेळा संधी आहे. पाच डावांपैकी जास्त कोण जिंकतो असे ठरवले, तर बलवानाची शक्यता सुमारे ६८ टक्क्यांवर जाते. एकशे एक डाव ठेवले तर ती ९८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. डाव जितके कमी, तितका नशिबाला वाव अधिक. डाव जितके जास्त, तितके गुणवत्तेचे माप खरे.

हे ध्यानात घेतले की संथ आक्रमण परिणामकारक आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर का नाही ते उमगते. दुर्बळाला ते लाभते, कारण त्यात त्याच्या वाट्याला नशीब अधिक येते. प्रिन्स्टन हे आयव्ही लीगमधले विद्यापीठ. खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची तेथे प्रथा नाही. प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी तेथील मुलांना संयमाने पास देत राहण्याचे आणि बचाव करणाऱ्याचे लक्ष जरा ढळले की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धावण्याचे शिक्षण दिले. १९९६ मध्ये या संघाने आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले. वेग वाढला असता, तर प्रिन्स्टनला हा निकाल फार दुर्मीळ झाला असता.

बलवानाने तोच मार्ग धरला तर काय होते, हे व्हर्जिनियाने २०१८ मध्ये पाहिले. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना सर्वोच्च मानांकन होते आणि देशातील सर्वांत संथ संघांत त्यांची गणना होत असे. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ त्या गटातील शेवटच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या संघाशी पडली. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत पहिल्या मानांकनाच्या संघाने सोळाव्याकडून कधीही हार खाल्ली नव्हती; १३५ सामने झाले होते आणि १३५ जिंकले होते. मध्यंतराला दोघांचे गुण २१-२१ असे समान होते. बलवानाने आपले श्रेष्ठत्व दाखवायला संधीच कमी ठेवल्या होत्या. मग समोरच्याचा नेम बसू लागला, आणि मागे पडलेल्या संथ संघाला भरून काढता येईना. व्हर्जिनिया ५४-७४ असा हरला.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. त्याच व्हर्जिनियाने पुढच्या वर्षी, तितकेच संथ खेळून, २०१९ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यांनी वेग बदलला नाही; त्यांचे प्रत्येक ताब्यामागचे उत्पन्न देशातील उत्तमांपैकी होते. टक्का चांगला असेल तर कमी उलाढालीतही पेढी चालते. फक्त एखाद्या वाईट दिवशी सावरायला फारशी जागा उरत नाही.

जवळचे उदाहरण पाहायचे तर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेला प्रो कबड्डीचा अंतिम सामना आठवावा. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालील पुणेरी पलटण गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होती आणि समोर हरियाणा स्टीलर्स. सामना कमी गुणांचा झाला, २८ विरुद्ध २५. पहिल्या डावात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. एकूण फरक तीन गुणांचा आणि एका चढाईचे गुण चार! अशा सामन्यात एकेका क्षणाचे मोल किती वाढते, हे त्या आकड्यांतच दिसते. पलटण जिंकली, तिचे पहिले विजेतेपद तिला मिळाले. पण गुणतक्त्यातील अव्वल संघालाही तो सामना अखेरपर्यंत सोपा गेला नाही.

हिंगोली स्थानक येईपर्यंत नातवाने डायरीत सगळी आकडेमोड स्वतः करून पाहिली होती. शेवटी तो एवढेच म्हणाला, ‘काल आम्ही दुर्बळ होतो म्हणून संथ खेळलो. आज आम्ही बलवान होतो, हे आम्ही ओळखलेच नाही.’

ही गोष्ट कदाचित तेथेच राहिली असती. परंतु मार्चमध्ये हळदीची आवक सुरू झाली आणि घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. हिंगोली-वसमतचा परिसर हळदीसाठी दूरवर ओळखला जातो. हंगामात मोंढ्याबाहेर वाहनांच्या रांगा लागतात. त्या वर्षी नातवाच्या वडिलांचा विचार असा की, किरकोळ खरेदी-विक्रीत वेळ न घालवता मोठा साठा उचलावा, वखारीच्या पावतीवर कर्ज घ्यावे आणि भाव चढेपर्यंत स्वस्थ बसावे. ‘घाई कशाला? धीर धरणाऱ्यालाच हळदीत पैसा मिळतो,’ असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यही होते. हळद शिजवून उन्हात वाळवताना घाई केली तर आत ओल राहते आणि माल बुरशी धरतो, हे हिंगोलीत लहान मुलालाही माहीत असते.

आजोबांनी आपले मत दिले नाही. त्यांनी नातवाकडे पाहिले. पेढीवर येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते आणि वडिलांसमोर बोलायला तो कचरत होता. तरी बोलला.

‘पप्पा, साठा करून एकदाच विकायचा, म्हणजे वर्षात एकच डाव खेळायचा. तो आपल्या बाजूने पडेलही. पण एकाच डावावर कोणी जावे? ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याने. आपल्याकडे पन्नास वर्षांची पत आहे, शेतकरी ठरलेले आहेत, मालाची पारख आहे. रोजच्या रोज थोडे थोडे व्यवहार केले तर आपली पारख उपयोगी पडते. एकाच भावावर सगळे लावले तर पारखीचा काही उपयोग नाही, नशिबाचाच खेळ आहे. आपली पेढी दुबळा संघ आहे का?’

वडील थोडे चिडले. खेळाचे मैदान आणि मोंढा एक नव्हे, असे म्हणाले. तेही खोटे नव्हते. मैदानावर हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा संघ उभा राहतो, कर्जाच्या साठ्यावर हरले तर घर हलते. पण हे वाक्य उच्चारताना त्यांच्याच लक्षात आले असावे की, यामुळे मुलाचेच म्हणणे बळकट होते आहे. दोन दिवस विचार झाला. शेवटी स्वतःच्या भांडवलातून झेपेल तेवढा, सुमारे तिसरा हिस्सा माल ठेवायचा, कर्ज काढायचे नाही आणि उरलेला माल नेहमीप्रमाणे फिरता ठेवायचा, असे ठरले. पुढे त्या हंगामात भाव कोठे गेला, याला येथे महत्त्व नाही. भाव वर गेला असता तरी निर्णय चुकीचा ठरला नसता आणि खाली आला असता तरी तेवढ्याने तो शहाणपणाचा ठरला नसता. निर्णयाची परीक्षा त्या वेळी हाती असलेल्या हिशेबावर व्हावी, निकालावर नव्हे, हे नातू नांदेडच्या दोन दिवसांत शिकला होता.

संथपणा हा गुण नाही आणि दोषही नाही. मोकळा खेळाडू सापडेपर्यंत चेंडू फिरवत राहणे हा संयम आहे. हरू नये या भीतीने चेंडू धरून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कडेला बसलेला प्रेक्षक दोन्ही वेळा ‘टाक की रे!’ असेच ओरडतो. फरक ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच माहीत असतो, आणि त्याने आधी स्वतःला विचारायचे असते की, आज आपण समोरच्यापेक्षा दुबळे आहोत की सरस.

आजोबा आता पेढीवर कमी येतात. मैदानावर मात्र ते अधूनमधून दिसतात. संध्याकाळी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवायला नातू जातो, तेथे खुर्ची टाकून बसतात. मुले चेंडू घेऊन उगाच रेंगाळू लागली की त्यांना राहवत नाही. ‘अरे, तुम्ही पुढे आहात ना? मग पळा की!’ असे ते ओरडतात.